काशी-गया आणि सारनाथ-बोधगया : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीनंतर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेच्या यात्रेला निघणाऱ्या कुटुंबांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतली सर्वांना उपयोगी पडतील अशी निवडून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : घरातले आम्ही आठ जण. बाबा ७४ वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात. त्यांना प्रयाग, काशी, गया करायची आहे. पत्नीचे आईवडील बौद्ध आहेत, त्यांना सारनाथ आणि बोधगयेला जायचे आहे. दोन मुले, दहा आणि तेरा वर्षांची. हाताशी अकरा दिवस. एकाच प्रवासात सगळे जमेल का? लुंबिनीही घेता येईल का? – एक वाचक, नाशिक

लुंबिनी सोडली तर सगळे जमेल, आणि घाई न करता जमेल. तुमच्या दोन्ही घरांची ठिकाणे नकाशावर जोडीजोडीने आहेत. सारनाथ काशीपासून जेमतेम १० किलोमीटर, बोधगया गयेपासून १२-१५ किलोमीटर. बोधगयेच्या कडेने वाहणारी निरंजना (तिथले लोक तिला लीलाजन म्हणतात) पुढे मोहनेला मिळते आणि तीच फल्गू होऊन गयेत येते. तुमचे बाबा ज्या नदीकाठी पिंड देतील, तिच्याच वरच्या अंगाला तुमचे सासरे बोधिवृक्षाखाली बसतील.

आखणी करताना एक नियम पाळा : एका दिवशी एकच मोठे काम. पहिले दोन दिवस रेल्वेत आणि प्रयागला पोचून विश्रांतीत जातील. तिसऱ्या दिवशी सकाळी संगम, दुपारी जेवून गाडीने काशी. अंतर सुमारे १२५ किलोमीटर, तीन तास धरा. चौथा दिवस विश्वनाथ आणि संध्याकाळची आरती. पाचवा सारनाथ. सहाव्या दिवशी सकाळ मोकळी ठेवून गयेची गाडी धरायची आणि थेट बोधगयेला मुक्कामाला जायचे. सातवा दिवस गयेतल्या विधीचा, आठवा पूर्ण बोधगयेचा, नववा राजगीर-नालंदा, तिथेच रात्र. दहावा-अकरावा परतीचा.

मुक्काम गयेत न करता बोधगयेत करा. गयेचे स्टेशन आणि विष्णुपद मंदिर यांच्या आसपासचा भाग अरुंद, गजबजलेला आहे; म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी चार पावले टाकायलाही जागा सापडत नाही. बोधगयेत रस्ते मोकळे, निवास स्वच्छ, आणि विधीच्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालात तर तासाभरात विष्णुपदाला पोचता.

लुंबिनी मात्र या अकरा दिवसांत कोंबू नका. बोधगयेहून तिथे जायचे तर जाऊन-येऊन तीन-चार दिवस निव्वळ गाडीत जातात. लुंबिनी, कुशीनगर आणि श्रावस्ती यांची वेगळी फेरी गोरखपूर धरून करावी. कुशीनगर गोरखपूरपासून सुमारे ५५ किलोमीटर. सोनौलीची नेपाळ सरहद्द सुमारे १०० आणि तिथून लुंबिनी आणखी २५-३०.

प्रश्न : माझे सासरे हिंदू, माझे वडील बौद्ध. व्याही-व्याही एकमेकांशी फार प्रेमाने वागतात, पण यात्रेत कुणाचे मन दुखावेल अशी धास्ती वाटते. काय सांभाळावे? – एक वाचक, अमरावती

धास्ती वाटणे साहजिक आहे, कारण हे केवळ आवडीनिवडीचे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध विष्णूचा अवतार मानणार नाही आणि श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही, अशा दोन्ही प्रतिज्ञा आहेत. म्हणजे गयेचा विधी आणि बोधगयेत सर्रास कानावर पडणारे ‘हे विष्णूचे नववे अवतार’ हे वाक्य, दोन्ही तुमच्या वडिलांच्या श्रद्धेच्या थेट आड येतात. घरातल्या मोठ्यांना आणि गाडीच्या ड्रायव्हरलाही हे आधी सांगून ठेवा. बोधगयेत वाटाड्या ठरवणार असाल तर त्यालाही.

विधीच्या दिवशी तुमच्या आईवडिलांना विष्णुपदाला नेऊन चार तास बाहेर ओट्यावर बसवू नका. त्या सकाळी ते महाबोधी विहारात बसू शकतात किंवा डुंगेश्वरीच्या गुहेकडे जाऊ शकतात, जिथे सिद्धार्थाने ज्ञानप्राप्तीपूर्वी खडतर तप केले असे मानतात. दुपारच्या जेवणाला सगळे एकत्र. तसेच उलटही : सासऱ्यांना वंदनेत बसायचे नसेल तर त्यांनी आवारातल्या कडेच्या वाटेवरून शांतपणे फिरावे, कुणी काही म्हणत नाही.

अजून एक बारीक गोष्ट, जी आधी विचारली नाही तर जागेवर पेच होतो. गयेच्या जुन्या वेद्यांच्या (पिंड द्यायच्या ठरलेल्या जागांच्या) यादीत बोधगयेतला बोधिवृक्षही आहे आणि पितृपक्षात काही यात्रेकरू महाबोधी विहाराच्या आवारात पिंड द्यायला येतात. बहुदिवसीय विधी घेतलात तर पुरोहित ती वेदी यादीत धरतील. तुमच्यासारख्या कुटुंबाने फल्गू, विष्णुपद आणि अक्षयवट या तीन ठिकाणचा एकदिवसीय विधी घ्यावा; त्याने सासऱ्यांचे कार्य पूर्ण होते आणि वडिलांच्या समोर त्यांच्या पवित्र ठिकाणी पिंड मांडले जात नाहीत.

सारनाथ, राजगीर, नालंदा इथे कुणालाच अडचण येत नाही. दोन्ही व्याह्यांचे फोटो तिथे काढा.

प्रश्न : गयेला आईवडिलांचे पिंडदान करायचे आहे. एका दिवसात होते का? काय बरोबर न्यायचे? मुलगी विधी करू शकते का? फसवणूक होते असे ऐकतो. – एक वाचक, सातारा

एका दिवसात होते. सकाळी सहाच्या सुमारास फल्गूवर स्नान किंवा मार्जन आणि तर्पण, तिथेच किंवा मंदिराच्या मंडपात पहिले पिंड, मग विष्णुपदावर पिंड अर्पण आणि शेवटी अक्षयवट. अक्षयवटाखाली गयावळ पंडा (गयेचा वंशपरंपरागत तीर्थपुरोहित) ‘सुफल’ देतो, म्हणजे श्राद्ध सफल झाल्याचा आशीर्वाद. त्याशिवाय विधी पुरा धरत नाहीत. गर्दी नसेल तर चार ते पाच तास लागतात. तीन, सात आणि सतरा दिवसांचेही क्रम आहेत, त्यांत प्रेतशिला, रामशिला वगैरे वेद्या येतात. प्रेतशिलेला शेकडो पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथे डोलीशिवाय जाऊ नये.

सामान जवळजवळ सगळे तिथे मिळते : जवाचे पीठ, काळे तीळ, तांदूळ, दर्भ, मध, तूप, दूध, तुळस, पांढरी फुले, पत्रावळी. घरून न्यायचे ते एवढेच : पुरुषांना धोतर-उपरणे (नव्याचे खळ न काढता नेले तर ओले झाल्यावर अंगाला चिकटते आणि सुटते, म्हणून धुऊन न्या), एक मोठा टॉवेल, बसायला पातळ आसन, आणि पाण्याची बाटली. मातृषोडशी, म्हणजे आईसाठीचे सोळा पिंड, हे गयेचे खास अंग आहे. ते हवे असेल तर सुरुवातीलाच सांगा, कारण पिठाचे माप त्यावर ठरते. ऐनवेळी सांगितले की पिंड लहान करून भागवतात.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे नावांची यादी. गोत्र, वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी, आईच्या माहेरचे तीन पुरुष आणि त्यांच्या पत्नी. शिवाय काका, मामा, आत्या, सासू-सासरे, गुरू, अकाली गेलेले कुणी, ज्यांना पिंड देणारे कुणी उरले नाही असे सगे. ही यादी घरी बसून, वडीलधाऱ्यांना विचारून लिहा आणि दोन प्रती करा. मांडवात बसल्यावर पणजीचे नाव आठवत नाही, फोन करावा तर घरचे उचलत नाहीत, आणि मागे दुसरी मंडळी खोळंबलेली असतात. हा गोंधळ तिथे रोज दिसतो.

तिथी सांगताना जपा. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षातल्या तिथ्या जुळतात, पण वद्य पक्षात महिन्याचे नाव एकाने पुढे जाते : आपली कार्तिक वद्य पंचमी तिकडे मार्गशीर्ष कृष्ण पंचमी. आपला भाद्रपद वद्यातला पितृपक्षही त्यांच्या पंचांगात आश्विन कृष्ण पक्ष असतो. तिथीबरोबर इंग्रजी तारीखही लिहून द्या, म्हणजे घोळ राहत नाही.

मुंडनाबद्दलही विचारणा होते. तीर्थावर मुंडन आणि उपवास करावा, पण कुरुक्षेत्र, विशाला, विरजा आणि गया यांना वगळून, असे शास्त्रवचन आहे. म्हणून क्षौर प्रयागला करतात, गयेला नाही. स्टेशनाबाहेर कुणी न्हाव्याकडे नेऊ लागला तर नको म्हणा.

मुलीने विधी करण्याबद्दल : फल्गूच्या काठी सीतेने दशरथाला वाळूचा पिंड दिला, ही कथा गयेत लहान मूलही सांगते. फल्गूने खोटी साक्ष दिली म्हणून ती वाळूखालून वाहू लागली आणि वडाने खरी साक्ष दिली म्हणून तो अक्षय झाला, असे मानतात. आता अनेक पुरोहित मुलींकडून, सुनांकडून विधी करवून घेतात. काही अजून तयार होत नाहीत. फोनवर ठरवतानाच स्पष्ट विचारा. वाळूखालून वाहणाऱ्या फल्गूत आता रबरी बंधारा घातल्यामुळे (२०२२) विष्णुपदाजवळ बारा महिने पाणी असते. पूर्वीसारखा वाळूत खड्डा करून पाणी काढावे लागत नाही. काठ निसरडा असतो, वृद्धांना हात धरूनच उतरवा.

फसवणुकीचे म्हणाल तर ती बहुधा विधीत नसते, हिशेबात असते. सुरुवातीला ठरलेली रक्कम निव्वळ दक्षिणा असते. मग सामान वेगळे, वेदीवरच्या माणसाचे वेगळे, गोदान वेगळे, ब्राह्मणभोजन वेगळे आणि सुफल देताना पुन्हा वेगळे. म्हणून आधीच विचारायचे : सामान, तिन्ही वेद्या, सुफल आणि भोजन धरून एकूण किती? आकडा कागदावर लिहून घ्या आणि संकल्पात बोलायच्या दानाचाही आकडा मनात ठरवून बसा, कारण हातात पाणी घेतल्यावर घासाघीस करणे कुणालाच शोभत नाही. गयावळांच्या वह्यांत गावागावाप्रमाणे घराण्यांची नोंद असते. तुमचा मूळ गाव आणि तालुका सांगितला की तुमचा पंडा कोण ते कळते. स्टेशनवर ‘तुमचा पंडा मीच’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका, वहीत पूर्वजांचे नाव दाखवायला सांगा. ज्यांना हे सगळे जमवणे जड वाटते त्यांच्यासाठी गयेत भारत सेवाश्रम संघाची राहण्याची आणि विधीची व्यवस्था आहे.

विष्णुपदाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ मध्ये बांधून घेतले, काशी विश्वनाथाचे १७८० मध्ये. विष्णुपदाचा सभामंडप काळ्या दगडाचा आहे. विधी आटोपल्यावर दहा मिनिटे थांबून त्याचे खांब मुलांना नीट दाखवा.

प्रश्न : काशी विश्वनाथाच्या दर्शनात वेळ फार जातो का? व्हीलचेअर मिळते का? – एक वाचक, डोंबिवली

सोमवार, श्रावण, महाशिवरात्र आणि १ जानेवारीच्या आसपासचे दिवस टाळलेत तर वेळ आटोक्यात राहतो. सकाळी लवकर किंवा दुपारच्या जेवणाच्या वेळी रांग लहान असते. मंदिराच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘सुगम दर्शन’ आणि आरत्यांचे तिकीट मिळते. पहाटे तीनच्या सुमाराची मंगला आरती हवी असेल तर बऱ्याच आधी नोंदवा. गल्लीत उभे राहून ‘थेट गाभाऱ्यात नेतो’ म्हणणाऱ्यांकडून काही घेऊ नका.

डिसेंबर २०२१ मध्ये नवे आवार खुले झाल्यापासून आत मोकळी जागा आहे आणि चाकाच्या खुर्च्याही मिळतात. गुडघे दुखणाऱ्यांनी गंगेच्या बाजूने, ललिता घाटावरून येऊ नये. पायऱ्या खूप आहेत. रस्त्याच्या बाजूचे गेट क्रमांक ४ त्यांना सोपे. मात्र गाडी तिथवर येत नाही, गोदौलियाच्या अलीकडेच थांबते. उरलेले अंतर सायकल-रिक्षाने किंवा चालत.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पिशव्या आत नेता येत नाहीत. बाहेरची दुकाने लॉकर ‘फुकट’ देतात, पण त्यासाठी पूजेचे ताट घ्यावे लागते आणि ते महाग पडते. सगळ्यांचे फोन निवासावर ठेवून निघणे हेच बरे. फोन नसल्यामुळे आत चुकामूक झाली की हाल होतात. म्हणून बाहेर पडल्यावर भेटायची जागा आधी ठरवा आणि आजी-आजोबांच्या खिशात निवासाचे नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. अन्नपूर्णा, विशालाक्षी, धुंडिराज गणपती जवळच आहेत. कालभैरव थोडा लांब; तो दुसऱ्या दिवशी ठेवा.

संध्याकाळची दशाश्वमेध घाटावरची आरती वृद्धांना पायऱ्यांवर बसून बघणे कठीण जाते. होडी तासभर आधी घ्या, भाडे किती वेळाचे आणि किती माणसांचे ते ठरवा, आणि सर्वांना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सोडू देऊ नका. जुलै ते सप्टेंबरमध्ये पाणी चढले की होड्या बंद होतात, घाट बुडतात आणि आरती वर गच्चीवर हलते. पावसाळ्यात काशी बघायला जाणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच जावे.

प्रश्न : सारनाथला अर्धा दिवस पुरतो का? – एक वाचक, चंद्रपूर

पुरतो, पण शुक्रवारी जाऊ नका. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय त्या दिवशी बंद असते. अशोकस्तंभाचा चार सिंहांचा मूळ शिरोभाग तिथेच आहे. २६ जानेवारी १९५० रोजी राजमुद्रा म्हणून स्वीकारला गेला तोच. धूळ नाही, ऊन नाही, अगदी जवळून बघता येतो. सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह चक्रांच्या मधून चाललेले दिसतात. मुलांना ते शोधायला सांगा. संग्रहालय आधी, मग धामेक स्तूप (सुमारे ४३ मीटर उंच), शेवटी १९३१ चा मूलगंधकुटी विहार. विहाराच्या भिंतींवर जपानी चित्रकार कोसेत्सू नोसू यांनी रंगवलेले बुद्धचरित्र आहे. वाटेतला चौखंडी स्तूप परत येताना बघता येतो.

प्रश्न : बोधगयेत कसे वागावे, काय चुकते? पहिल्यांदाच आईवडिलांना नेतो आहे. – एक वाचक, नांदेड

महाबोधी विहार पहाटे ५ ते रात्री ९ उघडा असतो. आईवडिलांना पहिल्यांदा संध्याकाळी न्या, दुसऱ्यांदा पहाटे. दुपारी फरसबंदी तापते. अनवाणी चालायचे असल्यामुळे जाड मोजे बरोबर असू द्या. मोबाइल आत चालत नाही, प्रवेशाजवळच्या खिडकीवर जमा करून पावती घ्यावी लागते. कॅमेरा नेता येतो, त्याचे वेगळे तिकीट असते. झडती दोनदा होते, म्हणून औषधाची डबी, पाणी आणि पैसे एवढेच जवळ ठेवा.

सरळ विहारात जाऊन मूर्तीसमोर उभे राहून बाहेर पडणारी मंडळी खूप बघायला मिळतात, आणि त्यांचे निम्मे बोधगया राहून जाते. ज्ञानप्राप्तीनंतरचे सात आठवडे बुद्धांनी जिथे घालवले ती ठिकाणे याच आवारात दाखवतात : बोधिवृक्ष, अनिमेषलोचन, चंक्रमण, रत्नघर, अजपाल वटवृक्षाची जागा, मुचलिंद आणि राजायतन. हा क्रम धरून, उजवीकडे विहार ठेवत, सावकाश फिरा. दोन तास लागतात. चंक्रमणाच्या ओट्यावर दगडी कमळे आहेत. पावले पडली तिथे ती उमलली असे मानतात. त्यांच्यावर बसू नका, मुलांना चढू देऊ नका.

त्रिशरण-पंचशील म्हणायचे असेल तर बोधिवृक्षाच्या कठड्याबाहेर, जागा बघून, खाली बसून म्हणावे. आपल्याकडच्या कार्यक्रमांत ध्वनिक्षेपकाची सवय असते. इथे बाजूला थायलंडचे, श्रीलंकेचे, तिबेटचे लोक आपापल्या भाषेत पाठ करत असतात, म्हणून आवाज आपल्या गटापुरताच. पांढरे कपडे घातलेत तर उत्तम. पान तोडायचे नाही. वाऱ्याने खाली पडलेले मिळाले तर वहीत ठेवा. बाहेर चौकटीत घालून विकली जाणारी पाने बोधिवृक्षाचीच असतील याची खात्री नसते. आजचा वृक्ष १८८० च्या सुमारास जुना उन्मळल्यावर त्याच जागी लावलेला, जुन्या परंपरेतलाच आहे.

वेगवेगळ्या देशांचे विहार दुपारी बारा ते दोन बहुधा बंद असतात. ते आणि ८० फुटी बुद्धमूर्ती सकाळी किंवा तीननंतर बघा. निरंजना ओलांडून बकरौर गावात सुजाता कुटीचा स्तूप आहे, तिथे ई-रिक्षाने जाता येते. विहारांच्या अतिथिगृहांत राहणार असाल तर रात्री नऊनंतर शांतता, मांस-मद्य नाही, आणि भाड्याऐवजी दान देण्याची पद्धत असेल तर ते मनापासून द्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत तिबेटी पूजांसाठी इतके लोक येतात की खोली महिनोन्‌महिने आधी सांगावी लागते.

प्रश्न : राजगीरला गृध्रकूटापर्यंत आजोबा चढू शकतील का? – एक वाचक, कोल्हापूर

खालून चढवू नका. रोपवेने रत्नगिरीवर विश्वशांती स्तूपापर्यंत (१९६९) न्या. जुना रोपवे एकेका खुर्चीचा आहे, चालत्या खुर्चीत पटकन बसावे लागते. वृद्धांना आणि लहान मुलांना बंद डब्यांच्या नव्या रोपवेत बसवा. स्तूपाच्या कठड्यावरून गृध्रकूट, म्हणजे बुद्धांनी जिथे उपदेश केला ती टेकडी, दिसतो. चालू शकणाऱ्यांनी स्तूपापासून पायऱ्या उतरत गृध्रकूट करावा आणि तिथून खाली यावे, आजोबांनी रोपवेने परतावे. सकाळी दहाच्या आत पोचलात तरच रांग कमी. ब्रह्मकुंडाचे पाणी चांगलेच गरम असते. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी पाय बुडवून समाधान मानावे. अधिक महिन्यात राजगीरला मोठा मेळा भरतो (२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, मे-जूनमध्ये), तेव्हा कुटुंब घेऊन जाणे टाळा.

नालंदा १२-१५ किलोमीटरवर. तिथलेही संग्रहालय शुक्रवारी बंद.

प्रश्न : रेल्वेत आजी-आजोबांना खालचा बर्थ मिळत नाही, काय करावे? – एक वाचक, पुणे

आठ जणांचे एकच तिकीट काढले की तो हमखास हातचा जातो. ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना, आणि तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच लागू होतो. आजी-आजोबांचे दोघांचे वेगळे तिकीट त्या कोट्यातून काढा, बाकीच्यांचे त्याच गाडीत, त्याच वर्गात सर्वसाधारण कोट्यातून. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, म्हणजे बिहारकडचा सूर्यपूजेचा मोठा सण, असते. त्या पंधरवड्यात मुंबई-पुण्याहून तिकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून छठ उलटल्यावर निघा.

मुंबईहून महानगरीने जाणाऱ्यांनी तारीख नीट वाचावी : गाडी रात्री बारानंतर सुटते, म्हणजे ‘१५ तारखेच्या’ गाडीसाठी १४ च्या रात्री स्टेशनवर असायला हवे. प्रयागला उतरताना गाडी जंक्शनला थांबते की छिवकीला हे बघा, दोन्ही स्टेशने एकमेकांपासून लांब आहेत. डिसेंबर अखेरीस आणि जानेवारीत धुक्याने गाड्या सहा-आठ तासही उशिरा धावतात; त्या दिवसांत रेल्वेतून उतरून त्याच दिवशी विधी ठेवू नका.

प्रश्न : लुंबिनीला जाताना आधार कार्ड चालते का? – एक वाचक, ठाणे

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांना आधार चालते. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांचे ओळख प्रमाणपत्र न्या. आपली गाडी घेऊन जाणार असाल तर सरहद्दीवर ‘भन्सार’, म्हणजे गाडीचा जकातीचा परवाना, घ्यावा लागतो. तो भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला घ्यायला लावा, उगाच एजंटाकडे जाऊ नका. जवळ शंभराच्या नोटा ठेवा. भारतीय सिमकार्ड रोमिंगशिवाय चालत नाही. मायादेवी मंदिरात आत छायाचित्रे काढता येत नाहीत. बाहेरचा अशोकस्तंभ मात्र सावकाश बघा. या गावाचा कर अशोकाने आठव्या हिश्श्यावर आणला, हे त्याच्यावर कोरलेले आहे.

प्रश्न : प्रवासात पोट बिघडते. आणि गंगाजल आणावे कसे? – एक वाचक, रत्नागिरी

तिकडे स्वयंपाक मोहरीच्या तेलात होतो आणि कोकणातल्या, घाटावरच्या पोटांना तो दोन दिवसांत बाधतो. हॉटेलात ‘रिफाइंडमध्ये बनवा’ असे सांगितले की करून देतात. पहिले तीन दिवस दही-भात, खिचडी, फळे. रस्त्यावरची लस्सी आणि चाट शेवटच्या दिवसासाठी. सीलबंद पाणी, आणि क्षार-साखरेची पाकिटे माणशी चार. बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे; गाडीत बाटली सापडली तर गाडी आणि माणसे दोन्ही अडकतात, हे उत्तर प्रदेशातून गाडी करताना ड्रायव्हरला बजावून सांगा.

गंगाजल प्लास्टिकच्या कॅनमधून आणले तर झाकणातून गळते, कारण घाटावर मिळणाऱ्या कॅनना आतली चकती नसते. तांब्याचा गडू डाख लावून बंद करून घ्या. काशीत ठठेरी बाजारात भांड्यांची दुकाने आहेत. विमानाने येत असाल तर तो हातातल्या पिशवीत न ठेवता सामानात, कपड्यांत गुंडाळून ठेवा. मावंदे (यात्रेहून परतल्यावरचे पूजा-भोजन) घालेपर्यंत गडू उघडायचा नाही, देवघरात ठेवायचा. रामेश्वरी जाण्याचा संकल्प असेल तर एक गडू त्यासाठी वेगळा बंद ठेवा, आणि सेतूवरची वाळू पुन्हा प्रयागला पोचवायची हेही आत्ताच घरात ठरवून घ्या. मावंद्याला गंगापूजनानंतर शेजारीपाजारी द्यायला लहान कुप्या लागतात. त्या इथूनच, बुचासकट घेऊन जा.